चूल दिसते त्या बाकावर

बाबा,

अकोल्याच्या ज्या खानावळीत तुम्ही साऱ्या गल्लीला जेवायला पाठवायचे, तिथे परवा मी जाऊन आले. एकटी गेले, कोणाला न सांगता. ज्यांना सांगावं असे तुम्ही आणि आई, दोघंही आता नाहीत, म्हणून लिहायला बसले. पूजा झाली, कुकर उतरवला, हे बँकेत गेले आहेत. तासभर घर माझं एकटीचं आहे असं म्हणायचं, पण गेले दोन महिने तसं वाटत नव्हतं. ओटा पुसताना मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. पितळी झाकणाचा, थोडं अडकून निघणारा. मी वळून पाहायची नाही. माझ्या घरात पितळी डबा आता नाहीच.

तुमची ती नमुन्यांची बॅग आठवते. कोपरे झिजलेली, आत हात-हातभर कापडाचे तुकडे. धामणगाव, मूर्तिजापूर, अकोला, वरूड, आठवड्यातले चार दिवस तुम्ही ती घेऊन दुकानं फिरायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे. पाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले की तुमचं सुरू. "अकोल्याले कापडबाजाराच्या मांगं ते खानावळ हाये ना, तिथली वांग्याची भाजी म्हणजे काय सांगू! भाकर ताटात पडते त वाफ डोळ्यात जाते. अन् घास गिळला का मंग शेवटाले जवस लागते. पयले नाई लागत, शेवटाले." असं म्हणून तुम्ही डाव्या गालात जीभ फिरवायचे आणि थोडा वेळ गप्प बसायचे, जसं काही अजून तोंडात चव आहे. आई चुलीकडे तोंड करूनच म्हणायची, "मंग तिथंच राहत जा ना. घरी कायले येता? अन् माह्या डब्याचं काय केलं?" तुम्ही म्हणायचे, "तो मूर्तिजापूरच्या आधीच संपला. तुह्या हातचा डबा दुपारपर्यंत टिकते का कधी?" आई हसू लपवायला भाकरी उलटायची.

अकोल्याला कोर्टाच्या कामाला, दवाखान्याला, मुलगी पाहायला कोणी निघालं की आधी आपल्या दारात यायचं. भाऊ, कुठी जेवावं? तुम्ही रस्त्याची वळणं सांगायचे, मालकाचा स्वभाव सांगायचे, आणि निघताना एक वाक्य ठरलेलं, "आत गेलं का डाव्या हाताच्या बाकावर बसजा. तिथून चूल दिसते. चूल दिसली म्हणजे फसवनूक नाई." लोक जेवून यायचे, तुमचं नाव काढायचे. मी दप्तर घेऊन कोपऱ्यात बसायची आणि मला वाटायचं, माझे बाबा केवढे मोठे आहेत, त्यांना सारा वऱ्हाड ताटावरून ओळखतो.

मी मॅट्रिक पास झाली त्या उन्हाळ्यात तुम्ही म्हटलं, "चाल, तुले अकोला दाखवतो." खानावळीचं नाव तुम्ही काढलं नव्हतं, पण मी रात्रीच ठरवून टाकलं होतं की तिथेच नेणार. एस.टी.तून उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दुकानं फिरून त्या गल्लीत आलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तुम्ही दाराशी थांबले, आत वाकून पाहिलं, म्हणाले, "आज गर्दी हाये," आणि बाहेरच्या फळीच्या बाकावर बसून आईचा पितळी डबा उघडला. पोळ्या, कोरडं बेसन, गुळाचा खडा. मालक पाण्याचे दोन गिलास आणि दोन हिरव्या मिरच्या घेऊन बाहेर आला. हसून म्हणाला, "काय नमुनेवाले, आज पोरीलेबी बाहेरच बसवलं का?"

एवढं पुरलं मला. सोळा वर्षांची होती मी, आणि देवाच्या पुढे खोटं बोलू नये असं तुम्हीच शिकवलेलं. मी म्हटलं, "तुमी कधी आत बसलेच नाई. लोकायले खोटं सांगता." तुमचा हात पोळीवर होता, तो तसाच राहिला. तुम्ही रागावले असते तर बरं झालं असतं. तुम्ही म्हटलं, "खाय पोरी. निवून जाईन." मी खाल्लं नाही. परतीच्या गाडीत तुम्ही एकदाच बोलले, "आईले नको सांगजो." मी आईला नाही सांगितलं. पण त्यानंतर तुम्ही उंबऱ्याशी बसून सांगायला लागले की मी तुमच्याकडे पाहायची. नुसती पाहायची, बाबा. दोन-तीनदा पाहिलं असेल. मग तुमचं सांगणं बंद झालं. तुम्ही घरी यायचे, पाय धुवायचे आणि विचारायचे, "आज काय केलं?" आईला वाटलं, म्हातारे व्हायला लागले. माझं लग्न झालं, आणि तुम्ही गेले तेव्हाही शेवटचे आठ दिवस तुम्ही कोणत्याच जेवणाचं नाव घेतलं नाही. मरणाऱ्या माणसाला विचारतात ना, काय खावंसं वाटतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे वळले.

आता माझं ऐका. मुलगा सिंगापूरला असतो, सुनेच्या बाळंतपणाला मी तीन महिने तिथे राहून आले. मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी सोडले तरी बाहेरचं अन्न मला जात नाही, आणि जेवढ्यात घरची चार माणसं जेवतील तेवढे पैसे एका ताटाला देणं तर मुळीच जमत नाही. मुलगा-सून हॉटेलात शिरले की मी म्हणायची, मी नातवाला फिरवते. बाबागाडी ढकलत मी दारादारांतून पाहायची. दारावर पदार्थांचे फोटो लावलेले असतात. आतून येणारी माणसं पोटावर हात फिरवत येतात की कपाळाला आठ्या घालून, ते दिसतं. घरी आल्यावर मुलाला विचारून घ्यायची, कशाची चव कशी. तीन महिन्यांत मला सारा रस्ता पाठ झाला.

गेल्या वर्षी आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्यांनी काढलं की प्रत्येकानं आपापल्या आवडीची जेवायची ठिकाणं सांगा, इथली आणि परदेशातली. कोणी पुण्याचं सांगितलं, कोणी दुबईचं. मी आवाजात निरोप पाठवला, साडेचार मिनिटांचा. अमरावतीची सांगितली, सिंगापूरची सांगितली, आणि शेवटी अकोल्याची तुमची खानावळसुद्धा सांगितली. नंतर मी तो निरोप परत लावून ऐकला. आवाज माझा होता, बोलणं तुमचं. "भिंतीकडच्या टेबलावर बसा, तिथून चूल दिसते. रस्सा आला की थोडं थांबा, जीभ पोळते." एकाही ठिकाणी मी घास खाल्लेला नव्हता. साऱ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. म्हणाले, मामी, तुम्ही तर गाईडच झाल्या.

त्यातलं सिंगापूरचं एक हॉटेल, ते रश्श्याचं, मुलाच्या इमारतीखालचं. त्याच्या दारात, जमिनीलगत, लाल रंगाचं छोटं देवघर होतं. आत देव, समोर उदबत्ती, आणि ताटलीत दोन संत्री. वरूडच्या मृग बहाराच्या संत्र्यांसारखी, तशीच पिवळी. रोज ताजी. मी रोज बाबागाडी थांबवून हात जोडायची. माझ्या मनात आलं, जिथे रोज देवाला संत्रं वाहतात तिथे आत मांस कसं शिजेल? आणि मी ग्रुपवर सांगून टाकलं, शुद्ध शाकाहारी आहे.

माझी मोठी नणंद, आक्का, गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा नाही. यजमान गेल्यापासून भजन हेच त्यांचं घर. कार्तिकी एकादशी झाल्यावर त्यांचा मुलगा त्यांना आठ दिवस सिंगापूरला घेऊन गेला. निघताना फोन आला, "तू सांगशील तिथंच खाईन मी. बाकी कोनावर माहा भरवसा नाई." मुलगा कामाच्या गडबडीत दोन दुपारी त्यांना तिथे बसवून गेला. आल्या त्या सांगतच आल्या. भजनी मंडळात बायकांना सांगायच्या, "काय रस्सा होता मायबाई! अन् दारात देव. सांगितलं कोनं, त आमच्या भावजयीनं."

मी मुलाला फोनवर कौतुकानं हे सांगितलं. त्यानं आधी विचारलं, आपल्या इमारतीखालचंच ना? मग म्हणाला, "आई, तो रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. सकाळपासून उकळत ठेवतात." मी म्हटलं, "अरे, दारात देव आहे ना." तो म्हणाला, "त्यांच्या देवाला चालतं, आई."

त्या दिवसापासून डब्याचं झाकण वाजायला लागलं. जपाला बसले की वाजायचं. आक्कांचा फोन आला की वाजायचं. आक्कांना सांगितलं नसतं तर कोणाला काही कळलं नसतं, त्यांचा मुलगासुद्धा बोलला नसता. पण त्या रोज ती माळ डोळ्यांना लावून भजनाला बसतात, आणि त्यांच्या तोंडी माझं नाव असतं. तीन आठवडे मी देवापुढे नीट पाहू शकले नाही. मग एका सकाळी गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी सारं सांगितलं, देवघर, संत्री, हाडं. त्यांचा हात माळेवर गेला आणि तिथेच राहिला.

"दोन वाट्या प्याली मी," त्या म्हणाल्या. "तू किती प्याली?"

"मी आत नाई गेली, आक्का. बाहेरून पाहिलं."

"म्हणजे तू खाल्लंच नाई?"

मी मान हलवली. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माळ मी उद्या महाराजाले इचारून उतरवीन, त्याचं जे व्हाचं ते होईन. पन तू मले काहून सांगितलं व, का रस्सा आला का थांबा, जीभ पोळते? तुही जीभ पोळली होती का?"

मी उठले. मी निघाले तर त्यांनी मागून विचारलं, "तुह्या बाबानं सांगितलं म्हणून आमचे हे जलमभर अकोल्याले त्या खानावळीत जेवले. ते तरी खरं होतं का? का तेबी असंच?"

मी म्हटलं, खरं होतं. आणि पायऱ्या उतरताना कळलं की हे मी दुसऱ्यांदा न खाता सांगितलं.

म्हणून परवा गेले. यांना सांगितलं, अकोल्याला मैत्रिणीच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. पिशवीत डबा घेतला, पोळ्या, कोरडं बेसन, गूळ. सवयीनं घेतला. गल्ली सापडली. कापडाच्या दुकानांवर आता मोबाइलच्या पाट्या आहेत, पण भाकरी थापल्याचा आवाज तोच. चूल जाऊन गॅस आला आहे. मालकाची नातसून असेल, ती म्हणाली, "या काकू, कुठीबी बसा." मी डाव्या हाताला बसले. तिथून शेगडी दिसते, बाबा. आणि मान थोडी वळवली की दार दिसतं, आणि दारातून बाहेरच्या फळीच्या बाकाचं एक टोक. त्या टोकावर कोणाचा तरी गुडघा दिसत होता आणि गुडघ्यावर झिजल्या कोपऱ्यांची बॅग. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तर तिथे कांद्याचं पोतं होतं.

भाकर आली. वाफ डोळ्यांत गेली. मी घास घेतला. वांगं, तेल, तिखट, बाकी काही नाही. मनात म्हटलं, चला, माझंच खरं निघालं. घास गिळला आणि मग, शेवटी, जवस लागली. अर्धवट कुटलेली, थोडी कडवट. एक दाणा डाव्या दाढेत अडकला आणि माझी जीभ आपोआप तिकडे गेली.

ते बाहेरच्या बाकावरून दिसत नाही, बाबा. जवस लागते हे एखाद्यानं सांगितलं असेल असं म्हणता येईल, पण जीभ कुठे जाते हे कोणी कोणाला सांगत नाही. एकदा तरी तुम्ही आत बसले होते. कदाचित मालकानंच कधी हाताला धरून बसवलं असेल. आणि त्या एका ताटावर तुम्ही इतकी वर्षं सांगत राहिले. मला नेलं त्या दिवशी कदाचित खरंच गर्दी असेल. मी आत वाकून पाहिलंच नव्हतं.

मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मग बसस्टँडवर आक्कांना फोन लावला. म्हटलं, बाबांचं खरं होतं, मी आत बसून खाऊन आले, खोटी मी एकटीच. त्या "हं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. ग्रुपवरचा माझा निरोप मी काढून टाकला. आक्का अजून बोलत नाहीत. त्या गप्प आहेत तेवढे दिवस मी मोजणार नाही. तुम्ही किती वर्षं गप्प होते ते मी तरी कुठे मोजलं.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं ते मला कळत नाही, म्हणून पोथीच्या रुमालात ठेवते. झाकणाचा आवाज परवापासून आलेला नाही. आला असता तर या वेळी मी वळून पाहिलं असतं.

एक राहिलं. डबा भरलेलाच होता. अन्न टाकायचं नाही, म्हणून बसस्टँडच्या बाकावर बसून, पोट भरलेलं असताना, तोही मी संपवला. रात्री यांनी विचारलं, काय जेवलीस? मी रिकामा डबा घासायला ठेवला आणि म्हटलं, काय असणार, आपलं घरचंच.