नऊ पुलांचा गोषवारा

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच समज, गुडघे आता ऐकत नाहीत.

आधी घरचं. यांचा खोकला गेला एकदाचा. थोरलीची परीक्षा संपली. मी वजन उतरावं म्हणून ऑफिसात जिन्याने चढते. हस खुशाल, हसणाऱ्याचे दात दिसतात.

आता मुद्द्याचं. यंदा लष्कराला पैसे पुरणार नाहीत. कुठली तुकडी ठेवायची आणि कुठली शस्त्रं मोडीत काढायची, हे ठरवायला आमच्या मंत्रालयात समिती बसली आहे. तिच्यापुढे जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. आठवड्याभरात तुमच्या पूल-तुकडीलाही पत्र येईल, काय चालतं आणि काय नाही ते कळवा म्हणून. दादा, खरं लिही. बाकीचे ‘सर्व सज्ज’ लिहिणार, हे अध्यक्ष ओळखून आहेत. परवा माझ्यासमोर म्हणाले, जो आपण होऊन थोडं सोडेल त्याचं उरलेलं मी वाचवीन. तेव्हा थोडं सोड आणि बाकीचं राख.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ठकी


ता. २६ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीच्या बाईला चिरंजीव म्हणायला मजा येते.

तुझं पत्र वाचून मी आधी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायची कशाला? तुझी वहिनी म्हणाली, तुम्हाला खोटं लिहिता तरी येतं का? तेही खरंच. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ती विद्या काही आली नाही.

मग मी आणि आमचा वेल्डर मिस्तरी, दोघं शेडमध्ये नऊच्या नऊ पूल उघडून बसलो. नदीवरचा पूल तुटला की ट्रकवरून नेऊन तासाभरात टाकायचे हे आमचे लोखंडी पूल. सांध्यांवर रॉकेल फिरवलं, पुसलं आणि खडू फासला. जिथे तडा असतो तिथे खडू ओला होतो. चार पुलांवर रेघा उमटल्या. ते सांधे मिस्तरीनेच जोडलेले. बिचारा तोंड फिरवून उभा राहिला. पाच मात्र ठणठणीत आहेत.

अकरा पानं लिहिली. चार पूल मोडीत काढा, एक्केचाळीसपैकी पंधरा माणसं कमी करा, पण पाच पूल आणि सव्वीस माणसं राहू द्या. ती पंधरा नावं लिहिताना फार जड गेलं गं. शेजारच्या रणगाडा-तुकडीचा प्रमुख माझी कीव करतो. त्याच्या तीस रणगाड्यांतले अकरा सुरू होतात. उरलेल्यांना त्याने नवा रंग दिला आणि एका ओळीत लिहून टाकलं, सर्व सज्ज.

तुझ्या शब्दावर हे केलंय. जीव लाव, पण काळजी करत बसू नकोस.

तुझा दादा


ता. १९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे.

सरकारी कागद तुला दोन दिवसांत मिळेल. त्याआधी माझ्याकडून ऐक. तुमची तुकडी बंद होते आहे. सगळी. पाच पूलसुद्धा.

कसं झालं तेही सांगते, लपवत नाही. समितीला प्रत्येक तुकडीचा गोषवारा दोन ओळींत हवा होता. तो मी करते. तुझ्या अकरा पानांच्या मी दोन ओळी केल्या: नऊपैकी चार पूल निकामी असल्याचं प्रमुख स्वतःच मान्य करतात, उरलेले पाच चांगले आहेत. शेजाऱ्याची एकच ओळ होती. अध्यक्षांनी तुझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पान उलटलं. मी उभी राहून म्हणाले, साहेब, आपण शब्द दिला होता. ते म्हणाले, बाई, बाकी कोणी काही सोडलंच नाही, मग कापू कुठून?

सुक्याबरोबर ओलं जळालं, दादा, आणि काडी मी लावली. रागाव, पण पत्र लिही.

तुझीच
ठकी


ता. ३० एप्रिल

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. रागावलो होतो. महिनाभर लेखणी धरली नाही ती म्हणूनच.

पूल गेले. भंगारवाल्याने गॅसने कापले, ठणठणीत होते तेही. कापताना चांगल्याला जास्त वेळ लागतो. माणसांना एका रांगेत उभं करून मी कागद वाचून दाखवला. अहवाल कोणी लिहिला, असं एकाने विचारलं. मी लिहिला, म्हणालो. मिस्तरी मागे थांबला. त्याला सोळा महिन्यांनी पेन्शन बसायची होती. त्याने एवढंच विचारलं, “साहेब, खोटं लिहिलं असतंत तर आम्ही राहिलो असतो?” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता पुढचं ऐक. समितीने माझ्या प्रामाणिकपणाची तारीफ करून मला शेजारची रणगाडा-तुकडी तपासायला नेमलं. गेलो. सुरू होणारे रणगाडे अकराचे आता नऊ झालेत. पण तिथे दोनशे माणसं आहेत, आणि दारात त्यांचा वेल्डर उभा होता, मिस्तरीच्याच वयाचा. अहवाल पाठवलाय. पाच ओळींचा आहे, सर्व सज्ज. उद्या कुणी हा कागद खरा मानून त्या पोरांना लढायला पाठवेल, हे मला कळतं. तरी लिहिलं. सोपं असतं गं.

तो तुझ्याच टेबलावर येईल. तुला योग्य वाटेल ते कर.

दादा


ता. ९ मे

ती. दादास,

नमस्कार.

अहवाल मिळाला. खरा आकडा मला ठाऊक होता. सकाळभर कागद समोर ठेवून बसले. मग दोनशे माणसांचा विचार केला, आणि तुझाही.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: हा अधिकारी विश्वासार्ह आहे, याचा मागचा अहवाल तंतोतंत खरा निघाला होता. अध्यक्षांनी न वाचता सही केली. ती तुकडी आता सीमेवर जाणार आहे.

लोभ असू दे, असं लिहायची आज लाज वाटते.

ठकी