रिगवर पास, रस्त्यावर बघू

६ जाने., रवि.

जेवणाचं टेबल बाल्कनीत गेल्याला चार महिने झाले. त्या जागी रुथची लोखंडी खुर्ची, स्टिअरिंग, तीन पेडल, समोर टीव्ही. सिम्युलेटर. (यापुढे सि.) त्यामुळे चर्चहून आल्यावर आजही मटण-भात मांडीवर ताट घेऊन.

जेवताना रुथने बॉम्ब टाकला. ग्रेटर नोएडाच्या रेस ट्रॅकवर एक ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्यांना ज्युनिअर इन्स्ट्रक्टर हवाय. चार उमेदवार उरलेत, त्यात ही. घेतलं तर नोएडातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडणार. सव्वीस वर्षांची मुलगी, कंपनीची कॅब दारात येते, आणखी काय हवं असतं माणसाला?

"खऱ्या ट्रॅकवर किती वेळा गेलीस?"
"तीनदा. बाकी सगळं सि.वर."

म्हणजे खेळण्यावर शिकून मास्तरीण व्हायचं. मी हो म्हणणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

शेवटची परीक्षा तर आणखी विचित्र. प्रत्येक उमेदवाराने ट्रॅकवर कधीच न गेलेला एक माणूस आणायचा आणि त्याला दिवसभर शिकवायचं. विद्यार्थी कसा चालवतो त्यावरून मास्तर ठरणार. शितावरून भाताची परीक्षा.

"कोणाला नेणार?"
"तुम्हाला, पप्पा. आधी घरी सि.वर शिकवते, मग ट्रॅकवर. दोन्ही चालवून बघा. त्यानंतरही नाही म्हणालात ना, तर मी बिल्कुल जाणार नाही. प्रॉमिस."

विमल म्हणाली, "अहो, घाबरता काय? पोरीची परीक्षा आहे, तुमची थोडीच आहे."
माझीच आहे की!

९ जाने., बुध.

कंपनीत दिवसभर रिगवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या मशीनवर. तीस वर्षं हेच: ब्रेक लायनिंग मशीनवर चढवायचं, चाक फिरवायचं, थांबवायचं, तापमान लिहायचं. आलो तेव्हा ट्रकचंच लायनिंग व्हायचं. मग बाजार खुला झाला, रोज नव्या गाडीचं नवं ड्रॉइंग. पण आमच्या क्वालिटीच्या खोलीतलं वाक्य तेच राहिलं. रिगवर पास, रस्त्यावर बघू.

रात्री जेवताना रुथला मुद्दाम जुनी गोष्ट सांगितली. एक लायनिंग रिगवर पहिल्या नंबरने पास झालं आणि पहाडी रस्त्याच्या बसवर नापास. नशीब, चाचणीची बस होती, रिकामी. रिगला घाट ठाऊकच नव्हता. म्हटलं, तुझ्या सि.चं तेच आहे.

ती भात कालवत होती. म्हणाली, "मग रिग बंद केलीत का?"
"नाही. रिगवर घाट घातला. लांब उतार, मधे मधे ब्रेक..."
"अच्छा," म्हणाली, आणि जेवत राहिली.

वकील व्हायला हवी होती.

१२ जाने., शनि.

सि.वर बसलो. साडेपाच मिनिटांत सात वेळा भिंतीवर. आठव्यांदा गवतात, मग खुर्चीतून उतरून सोफ्यावर आडवा. विमलने लिंबू-सरबत दिलं, ते देताना हसू आवरत नव्हतं तिला.

मी पेडलला दोष दिला. स्प्रिंग आहे ती, ब्रेक नाही. खरा ब्रेक पायाला परत ढकलतो, त्याला जीव असतो. रुथ म्हणाली, आजीची ती म्हण काय होती, नाचता येत नाही आणि...? विमलने पुरी केली, अंगण वाकडं. मायलेकी एक.

रुथ शिकवते मात्र वेगळ्या पद्धतीने. वाटलं होतं ओरडेल. (मी तिला स्कूटर शिकवताना ओरडलो होतो. ती रडली होती. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.) ती फक्त म्हणते, "पप्पा, जिथे जायचंय तिथे बघा. भिंतीकडे बघाल तर भिंतीत जाल." एका वेळी एकच गोष्ट. ती जमेपर्यंत दुसरी नाही.

१७ जाने., गुरु.

कबूल करतो. रुथला कॅब रात्री आठला घरी सोडते, मी संध्याकाळी साडेसहालाच घरी. म्हणजे दीड तास माझा. चार दिवस चोरून चालवतोय. विमलने आज पकडलं. म्हणाली, "चहा इथेच आणू का, की पिटमध्ये येता?" हिला पिट (ट्रॅकच्या कडेची गाडी थांबवायची जागा) कुठून माहीत?

आज एक लॅप (ट्रॅकचा पूर्ण फेरा) २ मि. ५१ से. रुथचा वेळ २:४३. लॅप संपला की विमल हाक मारते, मी बटण दाबतो, ताटावर येतो. सि.वर हाच ग्रेटर नोएडाचा ट्रॅक आहे, त्याची सगळी सोळा वळणं पाठ झालीत. कंपनीत मीटिंगमध्ये पाय आपोआप दाबला जातो. साहेबांनी विचारलं, "साळवेजी, पैर में दर्द है?"

मजा येतेय. लिहून ठेवलं, कोणाला सांगणार नाही.

२० जाने., रवि.

परीक्षा आज होती. धुकं. सेक्टरच्या पार्कातलं झाडही दिसेना. ट्रॅकवरून सकाळी फोन, पुढच्या रविवारी या. रुथने दिवसभर कपाटं आवरली, माझे मोजे जोडीने लावले. तिला हे किती हवंय ते आज दिसलं. तरी माझं मत तेच.

बहुतेक तेच.

२७ जाने., रवि.

हात दुखतोय, तरी आजचं आजच लिहितो.

पाचला निघालो. मथुरा रोडला मेट्रोच्या खांबांमुळे एकच लेन, मग कालिंदी कुंज, मग एक्स्प्रेसवे. दोन्हीकडे अर्धवट इमारती, प्रत्येकीवर स्विमिंग पूलची जाहिरात. गाडी रुथने चालवली. शहाण्यासारखी, साठने.

स्कूलचे प्रमुख दहिया सर. रोहतकचे, मिशीवाले, हातात छोटी वही. "अंकलजी, क्या काम करते हो?" ब्रेक लायनिंग, म्हटलं. "ओहो, फिर तो आप हमें सिखाओगे।" मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

लाल हॅचबॅक. आत नेहमीची सीट नाही, नुसता पाळणा. पट्टे इतके आवळले की श्वास अर्धा. हेल्मेटमध्ये आधीच्या कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. रुथ शेजारी.

पहिला लॅप: सि.चं काहीच कामाला येईना. तिसऱ्या वळणाला चढण आहे. टीव्हीवर ती सपाट दिसते, इथे बॉनेटपुढे नुसतं आकाश आणि वळण कुठेच नाही! मी पाय उचलला. रुथ म्हणाली, "पप्पा, वळण तिथेच आहे. तुम्हाला पाठ आहे. मान फिरवा." मान! घरी टीव्ही समोर असतो, मान कधी फिरवलीच नव्हती. फिरवली आणि वळण होतं, घरच्यासारखंच. म्हणजे पाठांतर खरं होतं, मानेचाच सराव नव्हता.

तिसऱ्या लॅपला गाडी सीटमधून बोलायला लागली. मागचं चाक घसरायच्या आधी कमरेला कळतं. हे सि.वर नाही. उलट कुठला गिअर, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, हे सगळं तिथलंच. भीतीही इथलीच. ती मात्र चांगली वाटली, खोटं कशाला बोलू. ब्रेक दाबला की तो परत ढकलत होता. तीस वर्षं ज्याचे आकडे लिहिले, त्याला आज पहिल्यांदा पायाने भेटलो. डोळ्यांत पाणी आलं, हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही.

चौथा लॅप ३ मि. ९ से. आत आलो, गाडी लावली, आणि हँडब्रेक ओढला. करकचून.

रुथ "पप्पा, नको" म्हणेपर्यंत वास आला. तो वास मी झोपेत ओळखेन. लायनिंग करपल्याचा.

नव्या पोरांना दरवर्षी मी स्वतः शिकवतो: ब्रेकचा ड्रम, म्हणजे लायनिंगवरचा लोखंडी डबा, तापला की फुगतो, थंड होताना आवळतो, म्हणून गरम ब्रेकवर हँडब्रेक कधीही नाही. आधी एक लॅप हळू, ब्रेक न लावता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हँडब्रेक सोडला तरी मागची दोन्ही चाकं जाम. पुढच्या उमेदवाराला हीच गाडी हवी होती. तो घड्याळ बघत उभा. दहिया सर वहीत लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते.

"ब्रेक वाले अंकल ने ब्रेक ही पकड़वा दी," कोणीतरी हसलं. मी मान वर केली नाही. माझ्यामुळे पोरीचं गेलं, एवढंच डोक्यात.

रुथ दहिया सरांसमोर उभी राहिली. म्हणाली, "सर, गलती मेरी है। घर पे सिम पे लैप खतम होते ही हम बटन दबाके खाना खाने चले जाते थे। ठंडा करने वाला लैप मैंने कभी करवाया ही नहीं।" एक शब्द माझ्यावर ढकलला नाही. सरांनी वहीचं पान उलटलं.

तेवढ्यात मेकॅनिक पाण्याची बादली घेऊन आला. मी ओरडलो, "पानी मत डालो, ड्रम फट जाएगा!" मग कोट काढला, खाली बसलो. केबल ढिली केली, लाकडी हातोडा मागितला, ड्रमला कडेने हळूहळू ठोके. वीस मिनिटांत दोन्ही चाकं मोकळी. मेकॅनिक म्हणाला उस्ताद. मला उस्ताद वगैरे काही वाटत नव्हतं.

दुपारी दुसरी पाळी. वाटलं रुथ आता घाईघाईने वेळ सुधारायला लावेल. तिने उलट केलं. पहिले दोन लॅप ब्रेकला पाय लावायचा नाही. मग तीन जोरात. मग पुन्हा एक हळू. आत आल्यावर मला उतरवलं, तळहात चाकापासून वीतभर लांब धरायला लावला. "किती गरम आहे सांगा. आकड्यात नको. हाताला काय वाटतं ते." सांगितलं. ती म्हणाली, "आता तुम्हीच ठरवा गाडी लावायची का." आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

चूक झालेल्या माणसाला असं कोणी उभं केलेलं मी कंपनीत तीस वर्षांत पाहिलं नाही. मी स्वतः तर नाहीच.

दुसऱ्या पाळीचा वेळ ३:०४. निकाल आठवडाभरात फोनवर कळवणार. येताना नोएडाच्या अट्टा मार्केटला छोले-भटुरे खाल्ले. तिने माझ्या ताटातला कांदा उचलला तेव्हा जरा बरं वाटलं.

२८ जाने., सोम.

मान वळत नाही. खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ. विमल तेल लावताना म्हणाली, "शहात्तर किलोचं बाळ." पाळकांचा फोन, काल चर्चला दिसला नाहीत. खरं सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी मलाही न्या.

कंपनीत नव्या पोरांना हँडब्रेकचा किस्सा सांगितला, नाव न बदलता. खूप हसले. मग एकाने विचारलं, सर, हात किती लांब धरायचा? एरवी वह्यांतून मान वर न काढणारी पोरं. सगळ्यांना रिगपाशी नेलं.

३१ जाने., गुरु.

फोन नाही.

रुथने राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय, लॅपटॉपवर, तारीख न घालता. मला दाखवलं. "पप्पा, आता तुमचं सांगा. ते काय म्हणतात ते वेगळं."

मी म्हटलं, सि.वर तू जे शिकलीस ते खरं आहे. अपुरं आहे, पण खरं आहे. जे अपुरं होतं ते तुला रविवारी भर ट्रॅकवर सगळ्यांसमोर कळलं आणि तू ते दुपारपर्यंत शिकवायला घेतलंस. माझं हो.

पुढे म्हणायचं होतं की स्कूटर शिकवताना मी चुकलो. ते राहिलं. तिने मिठी मारली, मान दुखली, ओरडलो. दोघंही हसलो.

ती झोपल्यावर विमलला विचारलं, माझ्या हँडब्रेकमुळे नाही म्हणाले तर? विमल म्हणाली, मग आयुष्यभर ऐकून घ्यायचं. आणि दिवा घालवला.

२ फेब्रु., शनि.

आत्ताच, दुपारचे दीड. ताटं वाढलेली. रुथचा फोन वाजला. दहिया सर. ती बाल्कनीत गेली, टेबलाला टेकून उभी आहे, काच ओढून घेतलीय. आम्हाला फक्त पाठ दिसते. मधे एकदा मान हलली, पण होकाराची की नुसती ऐकण्याची, कळलं नाही.

दहा मिनिटं झाली. विमल म्हणते, नाही म्हणायला दहा मिनिटं लागत नाहीत.

हो म्हणायलाही लागत नाहीत.

मी वही घेऊन बसलोय, नाहीतर उठून काच उघडली असती. महिन्यापूर्वी मीच म्हणालो होतो, हो म्हणणार नाही. आता देवाकडे मागतोय, तिला घेऊ देत. तिच्यापेक्षा मलाच जास्त हवंय. विमलने माझा डावा हात धरून ठेवलाय आणि तीही काचेकडेच बघतेय.

रुथ वळली. काच उघडतेय, वही मिटतो.