शिळं पान

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चूक झाली. माझी की मशीनची, अजून कळत नाही.

धुळ्याचे तोतारामआबा गेले. समाजाच्या साइटवर निधनवार्ता टाकायचं काम माझं. सकाळी सातला त्यांच्या मुलाने, नवलभाऊंनी फोनवर मजकूर सांगितला. टाकला. साडेआठला परत फोन — अंत्ययात्रा चारला नाही, अकराला. आणि मुलींच्या ओळीत एक नाव वाढवा, मयुरी. मागून त्यांच्या आईचा रडका आवाज — "घाल ना! ती बी मनीच पोर शे!" तीही माझीच मुलगी आहे, म्हणत होत्या. दोन्ही बदल लगेच केले. उघडून पाहिलं. बरोबर.

दुपारी आमचे सचिव योगराजभाऊ फोनवर ओरडले. "मेघा, साइटवर अजून चारच दिसतंय! लोक वाटेत, अन् तिकडे अग्नी देऊन झाला!"

मला तर अकरा दिसतंय, म्हटलं.

"तुला दिसून काय उपयोग?"

४ फेब्रुवारी

कळलं. माझीच चूक.

पान पटकन उघडावं म्हणून त्याची तयार प्रत ठेवणारं प्लगइन असतं. कॅशचं. एक आधीपासून होतं. योगराजभाऊ म्हणायचे, "तुझी साइट उघडेपर्यंत माझा चहा होतो." म्हणून दिवाळीत मी दुसरं टाकलं. पहिलं न काढता! काल नव्याची प्रत पुसली गेली, जुनं आपली सातची प्रत दाखवत राहिलं. आणि मी लॉगिन केलेलं, म्हणून मला प्रत नाही, खरं पान दिसत होतं. एकदा बाहेर पडून बघितलं असतं तर! एकदाच!

५ फेब्रुवारी

जुनं प्लगइन बंद केलं. तरी चारच.

६ फेब्रुवारी

होस्टिंगवाल्यांना चॅटवर विचारलं. एकाच सर्व्हरवर आमच्यासारख्या शेकडो साइटी, उत्तर यायला तास गेला. बंद केलं तरी त्याची एक फाइल मागे राहते आणि जुनीच प्रत दाखवते म्हणे, ती हाताने काढायची. शिवाय सर्व्हरची स्वतःची प्रत वेगळीच. म्हणजे दोन ठिकाणी शिळं पान! बॅकअप घेतला. भीती वाटली, परत घेतला. मग फाइल काढली, सर्व्हरची प्रतही पुसली. लॉगआउट होऊन पाहिलं — अकरा. खाली मयुरी.

तीन दिवस उशिरा.

८ फेब्रुवारी

पाचोऱ्याला घरी. बाबांना सांगायचं ठरवून गेले होते. त्यांना वाचता येत नाही. आमच्यात शाळेत गेलेली मीच पहिली. सगळं ऐकून म्हणाले, "तू लिहिलं ना? मग बरोबरच असंल."

१० फेब्रुवारी

धुळ्याला सांत्वनासाठी आबांच्या दारावर बसून आले. नवलभाऊंपुढे मान वर होईना. ते रागावले नाहीत. "जवळच्या बठ्ठ्यांना, एकेकाला, मी फोनवर वेळ कळवली होती. मयुरीलाही. तीच आली नाही."

मयुरीताईंनी नऊ वर्षांपूर्वी समाजाबाहेर लग्न केलं. तेव्हापासून आबांनी घरातल्या एकाही पत्रिकेत त्यांचं नाव येऊ दिलं नाही.

ताईबाई, त्यांची आई, भिंतीकडे बघत होत्या. "नाव घालं, तरी नही उनी पोर. आते मी बी तिले बलावाव नही." नाव घालूनही पोर आली नाही, आता मीही बोलावणार नाही, म्हणे.

निघताना मयुरीताईंचा नंबर मागून घेतला. चुकीची वेळ ज्यांना दिसली असेल, त्या प्रत्येकाची माफी मागायची आहे.

११ फेब्रुवारी

मयुरीताईंना फोन केला. वेळेची चूक माझी, म्हटलं.

"वेळ माहीत होती. सव्वानऊला अमळनेरच्या स्टँडवर उभी होते. बस लागलेली. साइट उघडली. दोघी बहिणी, जावई, नातवंडं, सगळे होते. मी नव्हते. परत फिरले."

नाव होतं, म्हटलं. साडेआठपासून. तुमच्या आईंनी घालायला लावलं. माझ्यामुळे दिसलं नाही.

त्यांनी विचारलं —

"ते पान अजून शे का?"

आहे. आता दिसतं.