टाकी नसलेला गीझर

बालाजी,

तुझ्या आईला घेऊन राजेश्वर गावी, विजयश्रीकडे जातो आहे. तुझ्या बहिणीकडे अजून चुलीवर पाणी तापतं.

सकाळी हिला साबण लावला आणि लाईट गेली. नव्या गीझरमधून गार पाणी येऊ लागलं. अर्धांगामुळे हिला उठता येईना, तशीच कुडकुडत बसली. टाकीवाला असता तर बादलीभर तापलेलं पाणी आत उरलं असतं. गीझर घेताना माहिती वाचून मी हेच सांगितलं होतं. कदाचित नीट सांगता आलं नसेल. तू म्हणालास, "अप्पा, दोन म्हाताऱ्यांसाठी दिवसभर टाकी कामून तापवायची?" सूनबाई मंजुश्री हसली, "अप्पाच टाकी हायत की! तापायलाच किती टाइम लागायलाय."

आज तुला हाक मारली, तर फोनमधून डोकं वर न काढता म्हणालास, "गार पाण्यानं कोण मरायलंय?"

दूध तापवून ठेवलं आहे. किल्ली शेजारच्या रेणूकडे.

गीझर वाईट नाही. बटण दाबलं की तापतो, बंद केलं की आत काहीच उरत नाही. तुझ्यासारखाच. हे लिहावं की नाही, ठरत नव्हतं. आता खोडत नाही.

मंजुश्रीला सांग, टाकी तापली.

अप्पा