वर्तुळात उभ्या पिशव्या

३ एप्रिल
आजपासून नोंद ठेवायची. सुरुवात इंग्रजीत केली होती. शाळा कॉन्व्हेंटची, सवय तीच. पण इंग्रजीत राग नीट उतरत नाही. चार ओळींत तीनदा ‘प्लीज’ आलं. पान फाडलं.

विषय: खालच्या डेअरीसमोरची रांग. दुकान सकाळी सात ते साडेसात उघडं. तेवढ्या वेळात माणसं एकमेकांच्या पाठीला अशी चिकटतात, की दूध नाही, जणू शेवटची बोट सुटते आहे. लॉकडाऊनला अकरा दिवस झाले. यांना अंतर म्हणजे काय ते कुणी शिकवलंच नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत सुपरवायझर होते. मी शिकवीन.

४ एप्रिल
तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ मास्क हनुवटीला लावतो. हनुवटीला कसला संसर्ग होतो ते विचारलं. म्हणे, श्वास कोंडतो. म्हटलं, आज थोडा कोंडू दे, नाहीतर कायमचा कोंडेल. हसला. मी विनोद केलेला नव्हता.

वहीत नाव: हनुवटी.

डेंटिस्टची बायको फोनवर बोलायला मास्क खाली करते आणि ऐकायला वर करते. नवरा दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, हिच्या तोंडाकडे कोण बघणार!

६ एप्रिल, सकाळी ८.२०
लेकीचा फोन. रोज आठला येतो. आज पुन्हा तेच: पासष्टच्या पुढच्यांनी बाहेर पडायचं नाही, असा नियम आहे, तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीस ना? म्हटलं, दूध घरी येतं. येतंच. कोण आणतं, हे तिनं विचारलेलं नाही.

नियम चांगलाच आहे. म्हातारी माणसं ऐकत नाहीत. मी सदुसष्टची आहे, पण नियमाचा हेतू बघायचा असतो. शिवाय मीच घरात बसले, तर त्या रांगेकडे बघणार कोण?

दिवसातून माणसं दिसतात ती तेवढाच अर्धा तास. अर्थात मी दिसण्यासाठी जात नाही. लक्ष ठेवायला जाते.

८ एप्रिल
योजना ठरली. वर्तुळं.

शाळेत असताना सिस्टर लाकडी फूटपट्टी घेऊन प्रार्थनेच्या रांगा मोजायच्या. दोन मुलींमध्ये एक हात. पट्टी टेकली की मुलगी मागे सरायची, एक शब्द न बोलता. माझ्याकडे तशीच पट्टी आहे. खडूचा अर्धा डबाही आहे, निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये राहून गेलेला.

९ एप्रिल
पहाटे साडेपाचला खाली. गुडघ्यांवर बसून मोजमाप. सहा फुटांना एक, अशी दहा वर्तुळं डेअरीपासून फाटकापर्यंत. अकरावं कचऱ्याच्या डब्यावर येत होतं, सोडलं. डेअरीवाला शटर उघडताना म्हणाला, बाई, झाडाच्या बाजूनं काढा, इकडे ऊन येतं. म्हटलं, शिस्तीला सावली लागत नाही.

सात वाजता दहा माणसं दहा वर्तुळांत. माझा नंबर सातवा. डोळे भरून आले. खडूची धूळ असावी.

११ एप्रिल
खडू पुसला जातो. खिडकीच्या गजांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता. आता कायमचा बंदोबस्त.

हनुवटीची चप्पल ओल्या वर्तुळाला चिकटली. देव आहे.

१४ एप्रिल
आज आक्रीत घडलं. खाली गेले तर रांगेत एकही माणूस नाही. दहा वर्तुळांत नऊ पिशव्या. एक कापडी, एक प्लास्टिकची, एक लॅपटॉपची, एकीच्या जागी नुसता दगड, त्याखाली चिठ्ठी: ‘डेंटिस्ट’. पिशव्यांमध्ये नेमकं सहा-सहा फुटांचं अंतर. आणि मालक सगळे झाडाखाली सावलीत, खांद्याला खांदा लावून, मास्क गळ्यात, हसताहेत.

विचारलं, हे काय? हनुवटी म्हणाला, बाई, अंतर तर पाळलंय की! तुमच्या वर्तुळांचा मान ठेवलाय. या इकडे, उन्हात कशाला उभ्या राहता?

मी सातव्या वर्तुळात उभी राहिले. पुढे पिशवी, मागे दगड. पंचवीस मिनिटं.

त्यांचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. डेंटिस्टच्या बायकोच्या बहिणीला जुळं झालं. मला कुणी सांगितलं नाही, मीच ऐकलं.

१६ एप्रिल
झाडाखाली भाषण केलं, सहा फुटांवरून. मुद्दे चार. दुसऱ्या मुद्द्याला शटर उघडलं.

१७ एप्रिल
माझं नाव ठेवलंय त्यांनी: खडूबाई. पेंट वापरल्यावरही खडूच. निरीक्षणशक्ती शून्य.

डेंटिस्टची बायको म्हणाली, काकू, उद्या तुमच्यासाठी झाडाखाली स्टूल आणू का? मी नको म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. स्टूल कुठलं, लाकडी की प्लास्टिकचं, हे विचारायचं राहिलं.

१८ एप्रिल
निर्णय. लेखी तक्रार करायची. पोलिस हेल्पलाइनचा फॉर्म ऑनलाइन आहे. आजवर मी एकही तक्रार अर्धवट भरलेली नाही.

तक्रारीचा विषय: सार्वजनिक ठिकाणी नियमभंग. पुरावा: वहीची चौदा पानं, फोटो काढून. तक्रारदाराचं नाव, पत्ता. वय: ६७. हा प्रकार आपण कुठून पाहिला? ‘रोज सकाळी रांगेत स्वतः उभं राहून.’ खोटं लिहायची आम्हाला सवय नाही. सिस्टर हातावर पट्टी मारायच्या.

पाठवलं. आता बघतील.

२१ एप्रिल
उत्तर आलं! ‘आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. कारवाई होईल.’ एवढं जलद काम या खात्यात कधी झालं नसेल. आता झाडाखालची सभा दोन दिवसांची पाहुणी.

खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. लोक तसे वाईट नाहीत. नुसते बेशिस्त आहेत.

२३ एप्रिल, सकाळी ११
पोलिस आले. मी इस्त्रीची साडी नेसून, वही हातात घेऊन दार उघडलं. ते दारातूनच म्हणाले, वय सदुसष्ट तुमचंच ना? म्हटलं, हो. म्हणाले, रोज रांगेत जाता असं तुम्हीच लिहून दिलंय. म्हटलं, पान चार बघा, हनुवटी... ते म्हणाले, आजी, तुमचं वय पासष्टच्या वर आहे.

आजी!

मग एक कागद पुढे केला. मी यापुढे घराबाहेर पडणार नाही, असा. सही मागितली. मी वाचून बघितला. दोन चुका होत्या, लाल पेनानं दुरुस्त केल्या, मग सही केली. एकटीच राहता, तर दूध-भाजी आणून देणारा जबाबदार शेजारी लागतो म्हणाले. त्यांनी जिन्यातून हाक मारली. आला तो हनुवटी.

जबाबदार शेजारी म्हणून त्यानं सही केली. मास्क कुठे होता ते लिहायला नको.

जाताना विचारलं, आणि माझ्या तक्रारीचं काय? पोलिस म्हणाले, झाली ना कारवाई.

२३ एप्रिल, दुपारी
लेकीचा अवेळी फोन. तिला सगळं कळलंय. हनुवटीनंच नंबर मिळवून कळवलं. ती रडत होती, म्हणून मी जास्त बोलले नाही. शेवटी म्हणाली, आई, आता दूध खरंच घरी येईल. म्हटलं, हो.

२५ एप्रिल
निश्चय: खिडकीतून देखरेख. दुसरा मजला, दृष्टी उत्तम, आवाज सुपरवायझरचा. फारसा फरक पडणार नाही.

२६ एप्रिल, सकाळी ७.१०
माझी पिशवी खाली गेली. निळी, दोन पट्ट्यांची. हनुवटीनं सातव्या वर्तुळात ठेवली, त्याची सहाव्यात. मग तो झाडाखाली गेला. तिथे एक स्टूल होतं. लाकडी. रिकामं.

पिशवी वर्तुळाच्या जरा बाहेर होती. मी वरून ओरडून सांगितलं. त्यानं हात वर केला आणि पिशवी पायानं आत सरकवली. तो कुणाला काहीतरी म्हणाला. सगळे हसले.

काय म्हणाला ते इथवर ऐकू आलं नाही.