मुकान्याच्या खिशातल्या शेंगा

गुटू,
रविवार, १२ जून १९९४

माझ्या गारिकाई,

तू नीट झोपला असशील, तर मीही नीट झोपले असं समज. आपल्याकडे सकाळी असंच सांगतात. हरारेत राहून विसरला नसशील.

इकडे थंडी पडली आहे. तुमची तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. ती तुझ्या धाकट्या काकांसारखीच आहे, दिवसभर पिते आणि झोपते. तुझ्या वडिलांच्या शेतातला भुईमूग तसाच राहिला होता. गुरुवारी गावाने इर्जिक घालून सगळा उपटला. नाचणीची बिअर मी केली होती. पातळ झाली म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली आणि हंडा पुसून रिकामा करून गेले. शेंगा तोडता तोडता मास्तरांच्या बायकोने विचारलं, "मुकान्याचा मुलगा येणार आहे ना?" मी म्हटलं, "येईल की. त्याला काय रस्ता ठाऊक नाही?" मग उगाच चूल फुंकत बसले. धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणायची सोय होते.

तू रागावला आहेस. बापाच्या मयतात चारचौघांत माझ्या अंगावरून त्याचा कोट ओढून घेतलास, त्याला माती दिलीस आणि घासभर साद्झाही न खाता तो कोट काखेत मारून निघून गेलास. त्या दिवसापासून गावात दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, "नेत्साई, तू अती केलंस." तुझी आत्या म्हणाली, "अती कसलं? मयतात साहविराने हसवायचं नाही, तर काय गायीने हसवायचं?"

आत्याचंही घोडं अडलं आहे. तुझ्या बापाचे कपडे नातलगांत वाटायला म्हणून तिने टोपी, बूट, दोन पँटी काढून ठेवल्या, पण कोटाशिवाय वाटणी होत नाही. आणि पुढच्या वर्षी मुकान्याच्या जीवाला घरी आणायचा विधी करायचा आहे. थोरला मुलगा नसेल तर तो होणार नाही. म्हणजे तुझा बाप घराबाहेर भटकत राहणार. तू येणार नाहीस या भीतीने मला अन्न गोड लागत नाही, हे आता सरळच सांगते.

तुझ्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी दोन घरांत हे साहविराचं नातं बांधलं. तुमची मढी आम्ही पुरायची, आमची तुम्ही. घरच्यांना जे तोंडावर बोलता येत नाही ते साहविराने थट्टेत बोलायचं आणि कोणी रागवायचं नाही. मेलेल्याचे कपडे घालून त्याच्यासारखं चालायचं, म्हणजे रडणाऱ्यांना जरा श्वास घेता येतो. तुझा बाप तर माझ्या मयताची तयारी करूनच बसला होता. म्हणायचा, "नेत्साई, तू मर तर खरी. तुझी नक्कल अशी करीन, की लोक तिकीट काढून येतील." आधी कोण जाणार यावर आमची पैज होती. तीही तोच जिंकला, लबाड.

म्हणून मी त्याचा कोट घातला, काठीवर रेलून उभी राहिले आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "अरे, हरारेची बस आली का? थांबा, थांबा, माझा लेक उतरतोय. लेखक आहे तो, विचार करकरून उतरतो." बायका रडता रडता हसायला लागल्या. मग खिशात हात घातला. शेंगा हाताला लागल्या. एक फोडून खाल्ली आणि म्हटलं, "नाही आला? मग माकड देवकाच्या मुकान्याने शेंगा कोणासाठी राखायच्या?" त्यावर तुझी आत्यासुद्धा पोट धरून हसली. तेवढ्यात तू मागून आलास. "लाज नाही वाटत? माझ्या बापाच्या खिशातलं खातेस?" असं ओरडलास आणि कोटाची बाही टर्रकन फाटली.

गारी, त्या शेंगा मी नव्हत्या ठेवल्या.

दर शुक्रवारी तो शेंगा मिठाच्या पाण्यात भिजवून भाजायचा, तुला लहानपणी आवडायच्या तशा. खिसा भरून थांब्यावर जाऊन बसायचा. बस यायची, कोंबड्या उतरायच्या, पोती उतरायची, बस निघून जायची. मग तो शेंगा खात खात घरी यायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "गार झाल्या की चव जाते, म्हणून संपवतोय." अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, म्हणून गाव हसलं. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला.

आणि का ठाऊक नव्हतं? ते तू त्या दिवशी विचारलंस. "बाप गेल्याचं मला रेडिओवरून कळावं? आजारी होते तेव्हा एकालाही फोन करता आला नाही?" त्याचं उत्तर आता देते.

त्यानेच सांगितलं होतं, "गारी पुस्तक लिहितोय, त्याला त्रास द्यायचा नाही." थोरल्या माणसाचा शब्द, तुझ्या काकांनी पाळला, आत्याने पाळला. पण त्याचा शब्द मोडायची मुभा या गावात एका माणसाला होती, बाळा. तेच तर माझं काम.

मागच्या पावसाळ्यात त्याने शेजारच्या मुलीकडून तुझं पहिलं पुस्तक वाचून घेऊन मला ऐकवलं. मी ते आधी ऐकलं नव्हतं. तुझ्या त्या गावात काय माणसं आहेत रे! कोणाचं छप्पर पडलं तर सगळे गवत घेऊन धावतात, कोणी एकटा जेवत नाही. आणि त्यातली ती साहविरा, म्हाताऱ्याच्या मुलाला आणायला पायी शहरात जाते. वाचता वाचता तिथे पोचल्यावर तुझ्या बापाने मुलीला थांबवलं आणि मला म्हणाला, "बघ. पुस्तकातली शहरापर्यंत चालत गेली. आमच्या साहविराचे दुकानापर्यंत जाताना पाय दुखतात."

मी म्हटलं, "पुस्तकातल्या म्हाताऱ्याला अक्कलही आहे. तुला कुठे आहे?"

खूप हसलो. तो इतका हसला की खोकला लागला, आणि तो खोकला पुढे थांबलाच नाही.

मुलाला "ये" म्हणून विनवणं बापाला जमत नाही. म्हणून त्याने माझ्यामार्फत बोलावणं पाठवलं, आमच्या दोघांच्या रीतीने, थट्टेत. लोकांना थट्टेतून खरं सांगण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याशी केलेली थट्टा मला नुसती थट्टा वाटली. दुकानात फोन होता. शुक्रवारच्या बसमध्ये हरारेला परत जाताना जागाही असायची. मी गेले नाही. जे तुला येऊन सांगायचं ते मी त्याचा रिकामा कोट घालून मयतात सांगितलं, आणि तिथेही लोकांना हसवून मोकळी झाले. तुझ्या पुस्तकातली बाई माझ्यापेक्षा चांगली आहे. तिच्यासारखं वागता आलं असतं, याचंच फार वाईट वाटतं.

तू ये. मला दंड कर, तुझा हक्कच आहे. कोंबडी माग, मी कुरकुर करीन आणि देईन. कोट घेऊन ये. बाही मी शिवून देते. खिसे मात्र धुऊ नकोस, तळाशी टरफलं असतील.

इर्जिकीतल्या शेंगांची एक टोपली मी बाजूला ठेवली आहे. शुक्रवारी मिठाच्या पाण्यात घालते, भाजते आणि थांब्यावर जाऊन बसते. माझे पाय खरंच दुखतात, त्यात थट्टा नव्हती. तरी जाते.

तू नीट झोपलास, तर मी झोपेन.

तुमच्या घराची साहविरा,
नेत्साई