काळी दोरी

॥ श्री ॥

बुकित पंजांग, सिंगापूर
३ ऑगस्ट १९९७

चि. सौ. विनीतास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि मेतकूट, दोन्ही पोचलं. पुडा वाटेत फुटला होता, त्यामुळे पत्रसुद्धा पिवळं झालंय, पण वास असा की भूकच लागली. पाकिटावर माझ्या नावामागे गं. भा. लिहिलं नाहीस, हे फार बरं केलंस. तो शब्द पाहिला की मला कुणीतरी कोपऱ्यात नेऊन बसवल्यासारखं वाटतं. मी नुसती जयवंती बरी.

आता इथली बातमी. विश्वास बोटीवर रुजू झाला, आता सहा महिने चिरंजीव समुद्रात. लग्नाचं नाव काढलं की या मुलाला बरोबर बोट मिळते! जाताना मात्र माझ्यामागे एक लचांड लावून गेला. फोनशेजारी एक पांढरा डबा बसवलाय आणि त्याच्या जोडीला दोरीला बांधलेलं लाल बटण. ते म्हणे रात्रंदिवस गळ्यात घालायचं. पडले, छातीत दुखलं, तर बटण दाबायचं. मग डब्यातून कुणीतरी बोलतं आणि मदत पाठवतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी असतं हे. म्हातारी म्हणजे मी हो! विश्वासनं माझ्याकडून एकदा दाबून घेतलं, तर डब्यातून एक मुलगी इंग्रजीत विचारायला लागली, आंटी, तुम्ही ठीक आहात ना? मी इतकी गडबडले की चक्क मराठीत सांगितलं, मी बरी आहे बाई, तू जेवलीस का? विश्वास हसून हसून खालीच बसला.

तो असेपर्यंत घातलं. तो गेला आणि काढलं. विनू, दोरी काळी आहे गं. ह्यांना नेलं त्या दिवशी माझ्या मंगळसूत्राची गाठ सुटेना, शेवटी मीच कात्री लावली, तुला माहीत आहे. तीन वर्षं झाली, गळ्याला काही लावलं नाही, साधा मोत्याचा सरसुद्धा नाही. आता हे प्लास्टिकचं बटण मिरवत फिरू? आणि खरं सांगू, त्याची गरज ह्यांना होती. मी खाली भाजी घेत होते, हे आतल्या खोलीत छाती धरून, आणि फोन बाहेरच्या खोलीत. तेव्हा कुठे होतं बटण? म्हणून स्टूल घेतलं आणि ते बटण ह्यांच्या फोटोला घातलं, हाराच्या आतून. छान दिसतं. विश्वासला कळवशील तर माझी शपथ आहे.

मनोहररावांना नमस्कार. लोभ आहेच, मेतकूट मात्र वाढव.

तुझी,
ताई


सांगली
१७ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,
विनीताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. अगं, भाऊजी काय फोटोतून उतरून फोन करणार आहेत का तुझ्यासाठी? हयात होते तेव्हा तरी कधी आपणहून फोन उचलला होता त्यांनी? घंटा वाजली की तुलाच हाका मारायचे.

तुला गं. भा. नको, ते बरोबर. मग मोकळा गळा कशासाठी जपतेस? एकीकडून शब्दाचा राग करायचा आणि दुसरीकडून तोच शब्द स्वतःच्या अंगावर पांघरायचा, हे मला कळत नाही. दोरी काळी आहे तर पांढरी ओव, हिरवी ओव, पण घाल. आणि गुडघे धरून चालणारी तू, स्टुलावर चढतेस? इतका उंच फोटो लावायला सांगितलं कुणी?

सरळ इकडे ये म्हटलं तर तू येणार नाहीस. आमच्याकडे फोनचा नंबर अजून लागलेला नाही, समोरच्या मेडिकलमधला प्रताप निरोप देतो, पण तुझा कधी फोन आलाच तर दुकानातल्या दहा जणांदेखत काय बोलायचं? म्हणून हे सगळं लिहून भांडावं लागतं. ह्यांनीही तुला रागावायला सांगितलंय. मी म्हटलं, त्यांच्या वाटचं मीच रागावते.

रागावले तरी तुझीच आहे. तुझा लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
विनू


बुकित पंजांग
४ सप्टेंबर १९९७

चि. सौ. विनीतास,
अ. उ. आशीर्वाद.

फोटोचं विचारलंस ना? खिळा विश्वासनं ठोकला. आपल्या उंचीवर ठोकला आणि गेला. ताडमाड मुलगा, आईचा हात कुठवर पोचतो ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. ह्यांच्यावर गेलाय.

इथे सगळीकडे धूर झालाय. पलीकडच्या इंडोनेशियात रानं पेटलीत म्हणतात. समोरची बिल्डिंगसुद्धा नीट दिसत नाही, घसा खवखवतो. एरवी आमच्या मजल्यावर सगळ्यांची दारं उघडी, येता-जाता चार माणसं हाक मारतात. आता जो तो दारं-खिडक्या लावून आत.

एक लिहू का नको करत होते. मागच्या आठवड्यात न्हाणीच्या दाराशी पाय सटकला. मोडलं काही नाही, पण उठताच येईना. बूड टेकून सरकत सरकत बाहेरच्या खोलीत आले आणि दमून तिथेच बसले. तेवढ्यात फोन वाजायला लागला. बहुतेक विश्वासचाच, कुठल्या तरी बंदरातून. वाजला, वाजला आणि बंद पडला. वर पाहिलं तर हे फोटोतून मजेत बघतायत आणि गळ्यात लाल बटण. म्हटलं, अहो, नुसते बघता काय, दाबा की! आणि मग विनू, मी रडले गं. शेजारची रोकिया खिमट द्यायला आली तेव्हा तिनं उठवलं. तिच्याकडे किल्ली असते म्हणून बरं. तिलाही शपथ घातलीय.

भीती वाटली. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तुला सांगते. पण बटणाकडे हात नेला की मला ती कात्रीच आठवते. जरा वेळ दे मला.

मागच्या पत्रातलं भांडण आवडलं. असाच लोभ ठेव.

तुझी,
ताई


सांगली
१५ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वेळ दे म्हणतेस? वेळ माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडे तर नाहीच. तू जमिनीवर बसलीयस आणि फोन वाजतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता ऐक. तुझी शपथ आहे म्हणून विश्वासला कळवलं नाही. पण शपथ मलाही घालता येते. आज सकाळी मी मंगळसूत्र काढून देवापुढे ठेवलं. बटण गळ्यात घातलं असं तुझ्या अक्षरात येईपर्यंत मी ते उचलणार नाही. तुला मोकळा गळा इतका प्यारा असेल तर दोघी बहिणी तशाच राहू.

हे पेपर वाचत होते. आधी त्यांना वाटलं तुटलं. मग कळल्यावर फार चिडले, म्हणाले, मी अजून जिवंत आहे, तुमच्या भांडणात मला कशाला मारता? संध्याकाळी मात्र स्वतःच म्हणाले, लवकर पोस्टात टाक. मी पदर गळ्याभोवती लपेटून फिरते. मघाशीच दुधाला आलेल्या बाईनं टक लावून पाहिलं.

तू स्टुलावर चढायचं नाहीस. रोकियाकडून काढून घे. एवढं माझं ऐक. लहानपणापासून तूच मोठी म्हणून तुझंच चाललं, एकदा तरी माझं ऐक.

लोभाचं आज काही लिहीत नाही, तुझ्या उत्तरावर आहे.

विनू


बुकित पंजांग
२६ सप्टेंबर १९९७

अगं सटवे!

आशीर्वादबिशीर्वाद नंतर. तुझं पत्र आत्ता खालच्या पेटीतून आणलं आणि जिन्याशी उभ्या उभ्याच वाचलं. नवरा धडधाकट समोर बसलेला असताना असं करायचं? मनोहररावांचा तरी विचार करायचास. मला जे नशिबानं करावं लागलं, ते तू हट्टानं करतेस? ती कात्री मी उगाच का विसरत नाही, वेडे!

हरले मी. घालते. काळी तर काळी. तू पत्र मिळताच आधी देवापुढचं उचल, हात धुवायलासुद्धा थांबू नकोस. मग मनोहररावांना नमस्कार कर आणि माझ्या वतीनं माफी माग.

रोकिया मुलीकडे जोहोरला गेलीय, उद्या येईल. पण तिकडे तुझा गळा मोकळा आहे म्हटल्यावर उद्यापर्यंत मला घास उतरायचा नाही. तुला खोटं लिहिणार नाही, अजून घातलेलं नाही. पण हे पाकीट खाली पेटीत टाकते आणि वर आल्या आल्या पहिलं काम तेच. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ते कधीचं माझ्या गळ्यात असेल. ह्यांना म्हणेन, द्या हो माझं मला परत, विनू ऐकत नाही.

आता झालं समाधान? धाकटी ती धाकटी आणि जिंकलीस. फार लोभ आहे गं तुझ्यावर, म्हणून एवढी चिडले.

तुझी,
ताई


सिंगापूर
३ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. मावशीस,
विश्वासचा शि. सा. न. वि. वि.

प्रतापच्या दुकानात तुझ्याशी फोनवर धड बोलता आलं नाही. तू नुसती नाही, नाही म्हणत होतीस आणि मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. म्हणून लिहितो.

मला निरोप बोटीवर मिळाला. येईपर्यंत रोकियाआंटीनं सगळं धरून ठेवलं होतं. काल इथल्या मंडाई भागातल्या स्मशानात आईला अग्नी दिला. रोकियाआंटी २७ तारखेला जोहोरहून आली, बेल वाजवली, मग तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. आई आदल्या दिवशी पडली असावी. बाबांच्या फोटोखाली, स्टूल बाजूला कलंडलेलं. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला होता आणि डोक्याला मार होता, पण ती लगेच गेली नाही. मावशी, तिनं हाका मारल्या असतील. धुरामुळे सगळ्या मजल्याची दारं बंद होती, कुणालाही काही ऐकू आलं नाही.

आणि बटण कुठे होतं माहीत आहे? बाबांच्या फोटोला. हारासारखं घातलेलं. ती खाली पडलेली आणि बटण वर. मी ते काढलं, मला स्टूलसुद्धा लागलं नाही. तो खिळा मीच ठोकला होता. काढताना बटण दाबलं गेलं आणि डब्यातून आवाज आला, आंटी, तुम्ही ठीक आहात ना? तो आवाज पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मला काही बोलताच आलं नाही. शेवटी मदत घेऊन माणसं आली आणि मी दारात उभा.

मला तिचा राग येतो, मावशी. कुणाशी बोलू? एवढंच मागितलं होतं तिच्याकडे, गळ्यात घाल. जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही तिनं. आणि स्टुलावर चढली कशाला? हातात फडकं नव्हतं, नवा हार आणलेला नव्हता. तुला काही लिहिलं होतं का तिनं?

काकांना नमस्कार. आता माया करणारी तूच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
विश्वास


सांगली
११ ऑक्टोबर १९९७

चि. विश्वासास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

आज एकाच टपालानं दोन पत्रं आली, एक तुझं आणि एक ताईचं. तिचं अक्षर पाहिलं आणि मला क्षणभर वाटलं, फोनवर काहीतरी चुकीचं कळलं होतं. आधी तिचंच फोडलं. २६ तारखेचं आहे. सोबत पाठवते, वाच. माझी पत्रं तिच्या कपाटात असतील, तीही वाच. त्यात मी काय शपथ घातली ते आहे. मला पुन्हा लिहिता येत नाही.

तिनं लिहिलंय, हात धुवायलासुद्धा थांबू नकोस. मी पोळ्या लाटत होते. तशाच पिठाच्या हातांनी देवापुढचं मंगळसूत्र उचललं आणि घातलं. मग ह्यांना नमस्कार केला, तिच्या वतीनं माफी मागितली. हे माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. तिनं सांगितलेलं सगळं केलं रे.

स्टुलावर चढू नकोस, असंही मी लिहिलं होतं. पण ते लिहिणारीही मी आणि तिला उद्यापर्यंत थांबू न देणारीही मीच.

तू तिच्यावर रागावू नकोस. रागावायचं तर माझ्यावर रागाव, तो माझा हक्काचा आहे. जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही, असं मात्र तिच्याबद्दल पुन्हा म्हणू नकोस. ऐकलं, विश्वास. एकदा ऐकलं, माझं. ऐकायलाच ती स्टुलावर चढली होती.

ते बटण टाकून देऊ नकोस, येताना मला आण. दोरी तीच राहू दे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा लिहायची सवय आहे. आज हात धजत नाही. सगळी पत्रं वाचून झाल्यावर उरला, तर तूच कळव.

तुझी,
विनूमावशी